जीवमुद्रण : एका नव्या व्यवसायाची ओळख

इ. स. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात हिंदुस्थानातून गेलेले एक पत्र प्रसिद्ध झाले. पुण्यानजीक झालेल्या एका शस्त्रक्रियेची हकीकत त्यात दिली होती. कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान इंग्रजी सैन्याबरोबर असता १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आले. सुमारे वर्षभर तो नाकाविना राहिला. पुढे विटा करणाऱ्या जातीतील एका माणसाने त्यास नवे नाक करून दिले. मेणाचा पातळ पापुद्रा नाकाच्या जागी बसवून त्याने माप घेतले, तो पापुद्रा कपाळावर सपाट पसरला, त्याच्या कडेने रेघ आखली आणि तेवढी त्वचा सोडवून, खाली वळवून नाकाच्या जागी जोडली. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज वैद्यांनी अशी शस्त्रक्रिया होताना पाहिल्याचे पत्रात नमूद आहे. १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये हीच रीत अनुसरली.

या हकीकतीतील एक बारकावा विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. कपाळावरील त्वचा त्या कारागिराने सर्व बाजूंनी कापून वेगळी केली नाही. दोन्ही भुवयांच्या मध्ये तिची एक अरुंद पट्टी मूळच्या जागी जोडलेली ठेवली. या पट्टीतून नव्या नाकास रक्त मिळत राहिले, आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी, नवा भाग आपल्या जागी रुजल्यानंतरच, ती कापण्यात आली. नाकाचा आकार मेणाने साधला होता. परंतु तो आकार जिवंत राहिला तो त्या पट्टीमुळे.

आज जगातील अनेक प्रयोगशाळांत जिवंत पेशींपासून त्वचा, कूर्चा, नेत्रपटल इत्यादी ऊती यंत्राने छापण्याचे प्रयत्न चालू आहेत. या विद्येस जीवमुद्रण किंवा बायोप्रिंटिंग असे म्हणतात. तरुण विद्यार्थ्यांस तिचे आकर्षण वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. मात्र या क्षेत्रात आयुष्य घालवू इच्छिणाऱ्याने प्रथम हे ओळखले पाहिजे की आकार घडविण्याचे काम यंत्राने बरेच सोपे केले आहे. त्या आकारात जीव टिकविण्याचे काम अद्याप माणसाच्याच ज्ञानावर आणि चिकाटीवर अवलंबून आहे. या व्यवसायात खरी गरज आहे ती या दुसऱ्या कामाच्या माणसांची.

मुद्रण होते कसे

त्रिमितीय मुद्रणाचा पाया अमेरिकेतील चार्ल्स हल यांनी १९८४ मध्ये घातला. प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवाचा एकेक पातळ थर गोठवीत जाऊन संपूर्ण वस्तू उभी करावयाची, ही त्यांची कल्पना. पुढे १९८८ मध्ये रॉबर्ट क्लेबे यांनी शाईचे थेंब उडविणाऱ्या साध्या मुद्रणयंत्राचा उपयोग करून पेशी ठरावीक जागी मांडता येतात, हे दाखविले. २००३ च्या सुमारास थॉमस बोलंड यांनी अशाच यंत्रात फेरफार करून त्याच्या नळीतून जिवंत पेशी सोडल्या. कार्यालयातील कागद छापणारे यंत्र येणेप्रमाणे जीवशास्त्राच्या सेवेस लागले.

सध्या सर्वांत अधिक प्रचारात असलेली पद्धत मात्र आपल्या स्वयंपाकघरातील सोऱ्याशी अधिक जुळते. चकली करताना पीठ सोऱ्यात भरून दाबतात आणि हात फिरवून त्यास वेटोळ्यांचा आकार देतात. जीवमुद्रणयंत्रात पिठाच्या जागी पेशी मिसळलेली जेली असते, दाबण्याचे काम हवेचा दाब किंवा दट्ट्या करतो, आणि हात फिरविण्याचे काम संगणक करतो. नळीच्या तोंडाचा व्यास पुष्कळदा मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहूनही कमी असतो. रुग्णाच्या शरीराचे सी. टी. स्कॅन घेऊन त्यावरून हव्या त्या भागाचा नकाशा संगणकात तयार करता येतो, आणि यंत्र त्या नकाशाबरहुकूम थरावर थर रचीत जाते.

ज्या जेलीत पेशी मिसळतात तिला जैवशाई म्हणतात. सागरी शेवाळापासून मिळणारे अल्जिनेट, जिलेटिन, कोलॅजेन इत्यादी पदार्थांपासून ती बनते. चकलीचे पीठ घट्ट झाले तर सोऱ्या दाबवत नाही; सैल झाले तर चकली पसरते. जैवशाईचीही हीच गत आहे, आणि तिच्यात आणखी एक अडचण आहे. पीठ कितीही दाबले तरी त्यास इजा होत नाही, पेशीस मात्र होते. घट्ट शाई अरुंद नळीतून जोराने ढकलली की तिच्या घर्षणाने पेशी फाटतात. उलट, शाई पातळ ठेवली तर पेशी सुखरूप उतरतात, पण रचना ढासळते. म्हणून उत्तम आकार आणि जिवंत पेशी या दोहोंमध्ये सतत तडजोड करावी लागते, आणि ती प्रत्येक ऊतीसाठी निराळी असते.

ही तडजोड साधण्यासाठी निरनिराळ्या युक्त्या शोधल्या गेल्या आहेत. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात ॲडम फाइनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मऊ शाई उघड्या हवेत न छापता जिलेटिनच्या आधारात छापण्याची रीत प्रसिद्ध केली. छापून झाल्यावर उष्णता ३७ अंशांपर्यंत वाढविली की आधाराचे जिलेटिन वितळून जाते आणि छापलेली रचना मागे राहते. भारतात दिल्ली व गुवाहाटी येथील आय. आय. टी. मध्ये रेशमातील प्रथिनापासून जैवशाई तयार करण्यावर महत्त्वाचे संशोधन झाले आहे. शल्यवैद्य फार पूर्वीपासून रेशमी धाग्याने जखमा शिवीत आले आहेत. त्याच रेशमास येथे नवे काम मिळाले.

कोलॅजेनच्या बाबतीत तर आपल्या देशाचे ऋण सर्व जग मानते. त्वचा, अस्थी, कूर्चा या सर्वांस बळकटी देणाऱ्या या प्रथिनाची रचना मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ मध्ये उलगडली. तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालून दोरखंडाप्रमाणे राहतात, असे त्यांनी दाखविले. त्यावेळी ऊती छापण्याची कल्पनाही कोणाच्या मनात नव्हती. मूलभूत ज्ञानाचा उपयोग कोणत्या पिढीत होईल हे आधी सांगता येत नाही, याचे हे एक उदाहरण होय.

रक्ताचा प्रश्न

आता आपण या विद्येच्या गाभ्याशी असलेल्या अडचणीकडे वळू. शरीरातील पेशींस प्राणवायू व अन्न रक्तातून मिळते. सूक्ष्म केशवाहिनीतून बाहेर पडलेला प्राणवायू ऊतीमध्ये झिरपत जातो, परंतु तो फार दूर जाऊ शकत नाही. १०० ते २०० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहावा किंवा पाचवा भाग, एवढीच त्याची धाव. यकृत, मूत्रपिंड यांसारख्या अवयवात म्हणूनच केशवाहिन्यांचे घनदाट जाळे असते. प्रयोगशाळेत छापलेला गोळा याहून जाड झाला आणि त्यात असे जाळे नसले, तर त्याच्या मध्यभागातील पेशी काही काळात मरतात. पुण्याच्या त्या कारागिराने त्वचेची पट्टी राखून जो प्रश्न सोडविला, तोच प्रश्न येथे फार मोठ्या प्रमाणावर उभा राहतो.

या एका गोष्टीवरून जीवमुद्रणात कोठे यश आले आहे आणि कोठे नाही, याचा पुष्कळसा उलगडा होतो. डोळ्याच्या पारदर्शक पटलात रक्तवाहिन्या नसतात; त्या असत्या तर पटल पारदर्शक राहिलेच नसते. २०२२ मध्ये हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, तेथील आय. आय. टी. आणि पेशी व रेणवीय जीवविज्ञान केंद्र यांनी मिळून असे पटल छापले आणि ते सशाच्या डोळ्यात बसविल्याचे जाहीर केले. त्यासाठी मानवी नेत्रपटलातीलच द्रव्य व मूलपेशी वापरल्या होत्या. कानाच्या पाळीस आकार देणाऱ्या कूर्चेतही रक्तवाहिन्या नसतात. त्याच वर्षी अमेरिकेत, जन्मतः एका कानाची वाढ न झालेल्या एका तरुणीस तिच्या स्वतःच्या कूर्चापेशींपासून छापलेला कान बसविण्यात आला.

घन अवयवांची कथा निराळी आहे. २०१९ मध्ये तेल अवीव विद्यापीठात ताल द्वीर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी पेशींपासून सशाच्या हृदयाएवढी एक रचना छापली. तिच्यातील पेशी आकुंचन पावत. पण रक्त पुढे ढकलणारे हृदय ती नव्हती. रुग्णाच्या शरीरात बसवून त्याचे आयुष्य चालविणारे संपूर्ण छापील मूत्रपिंड, यकृत किंवा हृदय आजमितीस अस्तित्वात नाही. ‘लवकरच अवयव छापून मिळतील’ अशी जाहिरात कोणी अभ्यासक्रमाच्या किंवा उपचाराच्या नावाखाली करीत असेल, तर विद्यार्थ्याने आणि रुग्णाच्या नातेवाइकांनी तिच्याकडे सावधपणे पाहावे. अवयवाची वाट पाहणाऱ्या माणसास खोटी आशा दाखविणे हा केवळ चुकीच्या माहितीचा दोष राहत नाही.

छोट्या ऊतींचा उपयोग मात्र आजही आहे. यकृताचा मोहरीएवढा जिवंत तुकडा रुग्णाच्या शरीरात बसविता येत नसला, तरी नवे औषध यकृतास घातक आहे काय, हे त्यावर पाहता येते. बंगळूरच्या पँडोरम टेक्नॉलॉजीज या संस्थेने २०१५ मध्ये अशी यकृतऊती छापल्याचे जाहीर केले होते. भारत सरकारने २०२३ मध्ये नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांविषयीच्या नियमांत दुरुस्ती करून, प्राण्यांवरील प्रयोगांऐवजी मानवी पेशींवर आधारलेल्या अशा पद्धती वापरण्यास वाव दिला. नजीकच्या काळात या विद्येस काम मिळेल ते बहुधा औषधांच्या चाचणीत.

या कामास कोण लागते

वरील विवेचनावरून ध्यानात येईल की हे काम कोणा एकाच्या आवाक्यातील नाही. येथे पेशी सांभाळणारा जीवशास्त्रज्ञ लागतो. पेशी ३७ अंश उष्णतेत, कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे पाच टक्के राखलेल्या कपाटात वाढतात; त्यांचे पोषकद्रव्य दर दोनतीन दिवसांनी बदलावे लागते, मग त्या दिवशी रविवार असो वा दिवाळी. एका बेसावध श्वासाने किंवा अस्वच्छ हाताने महिन्याचे काम जंतूंच्या स्वाधीन होते. शेतकऱ्यास किंवा गोठ्याची निगा राखणाऱ्यास ही शिस्त नवी वाटणार नाही.

जैवशाई घडविण्यास पॉलिमरचे रसायन जाणणारा लागतो. दाब, वेग आणि उष्णता यांवर ताबा ठेवणारे यंत्र करण्यास यंत्र व विद्युत अभियंता, तर नकाशा करण्यास संगणकतज्ज्ञ हवा. रुग्णाची खरी गरज कोणती हे सांगणारा शल्यवैद्य प्रारंभापासूनच बरोबर असावा लागतो. शिवाय यंत्रे नीट ठेवणारा तंत्रज्ञ, प्रत्येक टप्प्याची नोंद तपासणारा गुणवत्ता-अधिकारी आणि कायद्याची कलमे जाणणारा नियमतज्ज्ञ यांच्यावाचून प्रयोगशाळेतील यश रुग्णालयापर्यंत पोहोचत नाही. भारतात वैद्यकीय उपकरणांविषयीचे २०१७ चे नियम १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. त्यांत धोक्याच्या प्रमाणावरून उपकरणांचे अ, ब, क, ड या धर्तीवर चार वर्ग केले आहेत. त्यांचा अभ्यास हाच आज एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे.

चित्रा झडपेचा धडा

वैद्यकीय तंत्रविद्येत आयुष्य घालविणे म्हणजे काय, हे समजण्यास तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेत घडलेल्या हृदयाच्या कृत्रिम झडपेचा इतिहास फार उपयोगी आहे. परदेशी झडपांची किंमत आपल्याकडील बहुतेक रुग्णांच्या आवाक्याबाहेर होती. शल्यवैद्य मा. शं. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली अभियंते व वैद्य यांनी मिळून देशी झडप करण्याचे काम हाती घेतले.

माणसाचे हृदय मिनिटास सुमारे ७२ वेळा, म्हणजे दिवसास एक लाखाहून अधिक वेळा आकुंचन पावते. दहा वर्षांत झडपेची चकती सुमारे ३८ कोटी वेळा उघडझाप करते, आणि त्यांतील एकदाही ती अडून चालत नाही. या कसोटीस झडपेची पहिली तीन रूपे उतरली नाहीत. कृत्रिम नीलमण्याची चकती वापरलेले एक रूप मोठ्या आशेने मेंढीच्या शरीरात बसविले होते. ती चकती तेथे भंग पावली. प्रत्येक वेळी अपयशाचे कारण शोधून, लिहून ठेवून, काम पुन्हा आरंभिले गेले. कोबाल्ट व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची चौकट आणि पॉलिथिलीनची चकती असलेले चौथे रूप टिकले. ६ डिसेंबर १९९० रोजी ही झडप प्रथम मानवी रुग्णास बसविण्यात आली. त्यानंतर एक लाखाहून अधिक झडपा रुग्णांस बसविल्या गेल्या आहेत.

जी तीन रूपे टाकून दिली गेली, त्यांवर खर्च झालेली वर्षे वाया गेली असे म्हणता येणार नाही. मेंढीच्या शरीरात फुटलेली चकती माणसाच्या शरीरात फुटली नाही, हे त्या वर्षांचे फळ होय. जीवमुद्रणाच्या क्षेत्रात शिरणाऱ्यानेही अशीच वर्षे वाट्यास येतील असे समजून चालावे.

शिक्षणाच्या वाटा

विद्यार्थ्यास अकरावी-बारावीत गणित आणि जीवशास्त्र हे दोन्ही विषय घेणे शक्य असेल तर त्याने ते अवश्य घ्यावेत. त्यामुळे अभियांत्रिकी आणि वैद्यक या दोन्ही दिशा मोकळ्या राहतात. ज्यास एकच निवडणे भाग आहे, त्याने निराश होऊ नये. दुसरा विषय पुढे शिकता येतो.

पुढे चार मुख्य वाटा आहेत. पहिली अभियांत्रिकीची : यंत्र, विद्युत, संगणक किंवा जीववैद्यक अभियांत्रिकीची पदवी घेऊन ‘गेट’ परीक्षेद्वारे पदव्युत्तर शिक्षण. दुसरी विज्ञानाची : जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, रसायन किंवा भौतिकशास्त्र यांतील पदव्या आणि त्यानंतर राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून शिष्यवृत्ती मिळवून संशोधन. तिसरी वैद्यकाची. चौथी पदविकेची : तंत्रनिकेतनातील विद्युत अथवा वैद्यकीय उपकरणांचा अभ्यासक्रम पुरा करून रुग्णालयात किंवा कारखान्यात उपकरणांची जुळणी, मापनाची शुद्धता व देखभाल यांचे काम. ही चौथी वाट कमी प्रतीची मानण्याचे कारण नाही. कृत्रिम श्वासयंत्र ऐनवेळी बंद पडले, तर रुग्णाचे प्राण तंत्रज्ञाच्याच हाती असतात.

या विद्यांचा संगम जेथे होतो अशा संस्था आपल्या देशात आहेत. दिल्लीत आय. आय. टी. आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांचे संयुक्त जीववैद्यक अभियांत्रिकी केंद्र १९७१ पासून चालू आहे. खरगपूरच्या आय. आय. टी. मध्ये एम. बी. बी. एस. झालेल्या डॉक्टरांसाठी वैद्यकीय विज्ञान व तंत्रविद्येचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. चिकित्सालयीन अभियांत्रिकीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चेन्नईची आय. आय. टी., वेल्लोरचे ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालय आणि श्री चित्रा संस्था यांनी मिळून आखला. मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये २०१४ साली वैद्यकीय उपकरणांच्या निर्मितीसाठी ‘बेटिक’ हे केंद्र निघाले आणि पुणे व नागपूर येथील अभियांत्रिकी संस्था त्यास जोडल्या गेल्या. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात देशातील संशोधकांना पेशी पुरविणारे भांडार आहे.

एक गोष्ट येथे स्पष्टपणे सांगितली पाहिजे. केवळ जीवमुद्रण एवढ्याच कामाच्या जागा आज थोड्या आहेत. वैद्यकीय तंत्रविद्येतील बहुसंख्य कामे निदानयंत्रे, कृत्रिम सांधे, झडपा, रुग्णालयातील उपकरणे आणि त्यांची तपासणी यांत आहेत. निर्जीव पदार्थांचे त्रिमितीय मुद्रण मात्र रुग्णालयात रूढ होऊ लागले आहे. २०२१ च्या करोना साथीत म्युकरमायकोसिसमुळे जबड्याचा भाग गमावलेल्या काही रुग्णांस त्यांच्या मापाचे टायटॅनियमचे जबडे छापून बसविण्यात आले. म्हणून विद्यार्थ्याने प्रथम एक मूळ विद्या पक्की करावी, जिच्या आधारावर त्यास कोठेही काम मिळेल, आणि मग शेजारच्या विद्येची भाषा शिकावी. अभियंत्याने एकदा तरी पेशी वाढवून पाहाव्यात. जीवशास्त्रज्ञाने एकदा तरी यंत्र खोलून जोडावे. काही आठवड्यांच्या प्रमाणपत्राने या दोहोंची उणीव भरून निघत नाही.

शाळेत करता येण्याजोगे दोन प्रयोग

या विद्येची ओळख करून घेण्यास महाग यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. शिक्षकांच्या देखरेखीखाली सोडियम अल्जिनेटचे घट्टसर द्रावण करावे आणि ते ड्रॉपरने कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंबाथेंबाने सोडावे. प्रत्येक थेंब पाहता पाहता मऊ मण्यासारखा गोठतो. अनेक जैवशाया याच क्रियेने घट्ट होतात. द्रावण पातळ वा दाट करून मण्यांत काय फरक पडतो, ते लिहून ठेवावे.

दुसरा प्रयोग याहून सोपा आहे. बटाट्याचे एक, दोन व तीन सेंटिमीटर बाजूचे घन कापून ते पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणात सारखाच वेळ ठेवावेत. नंतर बाहेर काढून, धुऊन, मधोमध कापावेत. रंग तिन्ही घनांत जवळजवळ सारख्याच खोलीपर्यंत शिरलेला दिसतो; मोठ्या घनाचा मध्यभाग मात्र पांढराच राहतो. त्या पांढऱ्या भागाची रुंदी पट्टीने मोजावी आणि वहीत तिच्यापुढे वेळ व द्रावणाचे प्रमाण लिहावे. जाड अवयव छापणे का कठीण आहे, याचे उत्तर त्या मापात आहे. ते माप कमी कसे करता येईल, घनास कोठे छिद्रे पाडावीत, किती पाडावीत, हा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःस विचारावा व पुन्हा नवा बटाटा कापावयास घ्यावा.